खालचा पिंजरा

मानीबाईचा तांडा यंदा ऊसतोडीला गेला तो सगळाच गेला. मागे राहिली ती, दोन शेळ्या आणि दुखरे गुडघे. एवढी घरं, पण एका चुलीतून धूर निघेल तर शपथ. माणसानं बोलावं तरी कुणाशी, भिंतीशी?

म्हणून शगुफ्ता आली तेव्हा बाईला फार बरं वाटलं. वणीच्या कॉलेजातली ही पोरगी, कोळसा खाणीच्या पाण्यानं नाल्यातले जीव मरतात का ते तपासत होती. तिनं जाळीच्या दोन पिंजऱ्यांत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. एक पिंजरा खाणीच्या पाइपाच्या वरच्या अंगाला, चांगल्या पाण्यात. दुसरा खाली, काळ्या पाण्यात.

"आजी, पुढच्या आठवड्यात मी येईस्तोवर राखण करा. खालची मेली, तर पाणी साफ केल्याबिगर सोडू नका, असं खाणवाल्यायले सांगता येते."

तांड्याच्या शेळ्यांचे गाभ पडत होते ते याच पाण्यानं, असं सारेच म्हणत. पण नुसतं म्हणण्याला कोण विचारतो!

मानीबाई रोज काठावर बसायची. जन्मभर मासे खाल्लेली बाई, अन् या माशांना सुनेच्या कागाळ्या सांगू लागली! पण खालचे मासे वर येऊन आ वासू लागले, तसा तिचा जीव कळवळला. दारी आलेल्याला तहानलेलं ठेवायचं नाही, ही तांड्याची रीत. उचलला पिंजरा, नेऊन ठेवला वरच्याच्या शेजारी. "बसा रे पाहुणेहो." शगुफ्ता यायच्या दिवशी तो पुन्हा खाली.

शगुफ्तानं पाहिलं, सगळी जिवंत. तिचं तोंड उतरलं. "पाणी चांगलंच निघालं, आजी. आता खाणवाल्यायले कोन अडवते?"

मानीबाईनं पिंजऱ्याकडे पाहिलं. गप्प राहिली तर मासे वाचत होते. पण तांडा परतल्यावर शेळ्या तेच पाणी पिणार होत्या.

"मीच त्यायले वर नेलतं, पोरी. एकटी होतो व मी."

शगुफ्ता रागावली नाही. तेच बाईला जास्त लागलं. "मंग नवी बोटुकली टाकाव लागते. राखणीले दुसरं कोनी पाहू?"

"दुसरं हाय कोन इथं? मीच करतो."

नवा पिंजरा तिनं आपल्या हातानं खालच्या पाण्यात ठेवला. शेवटचा मासा उलटा होईस्तोवर ती रोज येऊन बसली, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. बोलली असती, तर पिंजरा उचलल्याशिवाय राहिली नसती.