छप्पर सोडून बाकीचा विमा

आमच्या कुंडलमध्ये ट्रॅक्टरचा विमा असतो, म्हशीचा असतो, माणसाचा तर असतोच. पण राहत्या घराचा विमा काढणारा माणूस आमच्या आळीत एकच, शेजारचे जयपाल आण्णा बिरनाळे. लोकांना त्याची फार गंमत वाटायची. पारावर कुणीतरी हमखास विचारायचं, "आण्णा, घर पडल्यावर तुमाला पैसं, का तुमी पडल्यावर घराला?" आण्णा टोपी सारखी करत म्हणायचे, "दोघं एकदम पडलो तर तुला मिळत्यात. जा, मोकळा हो."

आण्णांनी चौतीस वर्षं सोसायटीच्या गोदामात काटा सांभाळला. खत असो, पेंड असो, आण्णांनी वजन सांगितलं की कुणी पोतं परत काट्यावर ठेवलं नाही. विम्याची सुरुवात झाली ती मुलाच्या, पारसच्या शिक्षणापायी. घरावर कर्ज काढलं तेव्हा बँकेनं विमा काढायला लावला. कर्ज फिटलं, पारस सांगलीला नोकरीला लागला, तिथं फ्लॅट घेतला, तरी आण्णांनी विमा सोडला नाही.

आण्णांच्या पत्नी चंपाबाई वारल्या तेव्हा पारस त्यांना न्यायलाच आला होता. "एवढं जुनं कौलारू घर, तुम्ही एकटे. वरून काही पडलं म्हणजे?" आण्णांनी आत जाऊन पॉलिसीचा कागद आणून त्याच्यापुढं ठेवला. "विमा हाय की." विम्यानं वासा कोसळायचा थांबत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण त्यांच्याकडं दाखवायला तेवढंच होतं. तासभर वाद झाला. शेवटी पारस माझ्यासमोर म्हणाला, "ठीक आहे. विमा चालू आहे तोवर राहा. ज्या वर्षी कंपनी नाही म्हणेल, त्या वर्षी मी गाडी घेऊन येणार." आण्णा म्हणाले, "ठरलं."

तेव्हापासून दर फेब्रुवारीत ते कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "वैजू, अक्षर बारीक हाय, भर गं जरा." रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, शास्त्र वाचणाऱ्या माणसाला ते अक्षर दिसत नसेल असं मला कधी वाटलं नाही. चुकू नये एवढीच त्यांना काळजी असायची. मी फॉर्म भरायची, एजंट कृष्णात येऊन घेऊन जायचा, आणि आणखी एक वर्ष आण्णा आमचे शेजारी राहायचे.

गेल्या वर्षी फॉर्मात नवा रकाना आला. छप्पर कोणत्या साली घातलं?

कृष्णात म्हणाला, "काकी, पंच्याण्णव लिहा. पन्नास वर्षांच्या वरची छप्परं कंपनी आता घेत नाही. पाऊस, वारं वाढलंय, पैसे द्यायची पाळी फार यायला लागली."

"पंच्याण्णवला माझा बाप न्हवता," आण्णा म्हणाले. "कौलं त्यानं कशी घातली मग? अडुसष्ट लिही वैजू."

मी अडुसष्ट लिहिलं. आठवड्यात कंपनीची एक मुलगी तपासायला आली. मोबाइलवर भराभरा फोटो काढले. आढं मध्ये वाकलंय, दक्षिणेकडचे दोन वासे वाळवीनं खाल्लेत, हे तिनं आमच्याआधी पाहिलं. मग पत्र आलं. वीस एप्रिलच्या आत छप्पर दुरुस्त करून फोटो पाठवा, नाहीतर विमा पुढं चालू राहणार नाही.

कृष्णातनं दुसरीकडंही चौकशी केली. एका कंपनीला स्लॅबच हवा होता. दुसरी तयार होती, पण छप्पर सोडून बाकीच्या घराचा विमा देणार होती. आण्णा हसले, "म्हंजे भिंतींचा विमा, आन् वर आभाळ. आभाळाचा हप्ता कोण भरणार रं?"

पैशाची अडचण नव्हती. सुताराचीही नव्हती. नानासो सुतार होळी झाल्यावर लगेच आला. दक्षिणेकडची कौलं उतरवायला त्यानं सुरुवात केली. दुपारपर्यंत निम्मी बाजू मोकळी झाली आणि मग तो वरूनच ओरडला.

"आण्णा, आढ्याखाली पोळं हाय. सातेरीच्या माश्या. लय मोठं हाय. धूर करतो, पाच मिन्टांत मोकळं. मध तुमी काय खाणार न्हाई, तो मी नेतो."

"उतर खाली," आण्णा म्हणाले.

"आवं, माशीच हाय!"

"जीव हाय. माझ्या घरात आल्यात, पावण्या झाल्या. धूर करून पावण्याला घालवत्यात व्हय?"

"पावण्या जाणार कवा?"

"ऊन चढलं की आपणच जात्यात."

नानासोनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. आण्णांच्या घरात मधाची बाटली कधी आली नाही. चंपाबाई औषधाची मात्राही गुळात उगाळायच्या. त्यांच्यासमोर धुराचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. नानासोनं उतरवलेली कौलं नुसती वर टेकवून ठेवली आणि हत्यारं गोळा केली. "रहिमतपूरला काम हाय माझं. माश्यांनी तुमाला रजा दिली की फोन करा."

मग रोज सकाळी बस्तीतून आल्यावर आण्णा अंगणात उभं राहून आढ्याकडं बघायचे. मी कुंपणावरून विचारायची, "काय म्हणतात पाहुण्या?" ते म्हणायचे, "सामान बांधाय लागल्यात." पण माश्या काही हलत नव्हत्या.

एप्रिलच्या दहा-अकरा तारखेची गोष्ट. गच्चीवर माझ्या कुरडया चालल्या होत्या. चीक गार व्हायच्या आत साच्यातून निघायला हवा, त्यामुळं हात थांबवता येत नव्हता. आण्णा जिना चढून वर आले. एवढ्या वर्षांत ते गच्चीवर आलेले मला आठवत नाहीत. कठड्याला धरून थोडा दम घेतला आणि म्हणाले, "वैजू, कंपनीला एक पत्र लिहितीस का? म्हणावं, माश्या हायत. थोडी मुदत द्या."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मी मोठ्यानंच हसले. "आण्णा, विमा कंपनीला माश्यांचं कारण कोण सांगतं? हसतील की आपल्याला! जातील हो दोन दिवसांत."

तेही हसले. "व्हय. हसतील खरं." एक ओली कुरडई उचलून तोंडात टाकली, चांगली झालीय म्हणाले आणि खाली गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्यातूनही ते गेलं.

वीस तारीख आली आणि गेली, विमा बंद झाला. माश्या गेल्या त्या सव्वीसला, शुक्रवारी. दुपारी अंगणावरून काळा झोत उडाला आणि माळाकडं गेला. आण्णांनी लगेच नानासोला फोन लावला. तो सोमवारी येतो म्हणाला.

शनिवारी दुपारी वळीव झाला. पावसाचे चार थेंब आणि वाराच वारा. आण्णा बस्तीत होते म्हणून वाचले. नुसती टेकवलेली ती कौलं पत्त्यांसारखी उडाली, कुजका वासा मोडला, आढं खाली आलं आणि दक्षिणेकडची सगळी बाजू आत बसली. त्यांच्या कॉटवर हातभर ढिगारा होता. आम्ही सगळे धावलो. आण्णा उंबऱ्यात उभे होते. पायातल्या चपला त्यांनी तिथंही बाहेर काढून ठेवल्या होत्या.

पारस तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. चिडला नाही. खाली बसून म्हणाला, "आण्णा, आपलं ठरलं होतं."

"व्हय. ठरलं हुतं."

दोन पिशव्या, देव्हाऱ्यातली मूर्ती आणि शास्त्राचं पुस्तक. एवढंच घेऊन ते गेले.

महिनाभरानं कृष्णात आमच्या मिस्टरांच्या कामासाठी घरी आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "काकी, आण्णांनी एक साधं पत्र दिलं असतं ना, काम अर्धवट आहे, महिन्याची मुदत द्या म्हणून. उतरवलेल्या कौलांचा फोटो जोडायचा. मी तिघांना अशी मुदत मिळवून दिली. विमा चालू राहिला असता, पडलेल्या छपराचे पैसेही मिळाले असते."

"आणि कारण काय लिहायचं?"

"काहीही. कारण वाचतंय कोण?"

मला चहा गोड लागेना. माणसं आपल्याला हसतील म्हणून मी ज्यांच्यासमोर लाजले, ती माणसं ते पत्र वाचणारसुद्धा नव्हती.

हे आण्णांना सांगायचं धाडस व्हायला मला दिवाळी गाठावी लागली. सांगलीला नणंदेकडं गेले होते, तिथून विश्रामबागला पारसच्या फ्लॅटवर गेले. आण्णा खुर्चीत बसले होते. कपडे परीटघडीचे, पण काय करावं ते ठाऊक नसल्यासारखे हात मांडीवर. मला पाहून चेहरा उजळला. गावातल्या एकेकाची चौकशी केली. पारसची मुलगी ब्राह्मी चहा ठेवून आत गेली, तेव्हा मी बोलून टाकलं. पत्र मी लिहायला हवं होतं. मुदत मिळाली असती. कृष्णातच सांगत होता.

आण्णांनी विचारलं, "किती?"

"महिना."

त्यांनी बोटांवर तारखा मोजल्या. वीस, सव्वीस, सत्तावीस, सोमवार एकोणतीस. परत एकदा मोजल्या.

"म्हंजे मुदतीत बसलं असतं."

"बसलं असतं, आण्णा."

मोजलेली बोटं त्यांनी मिटून घेतली. मग अगदी हळू म्हणाले, "पोरी, हे मला सांगायला नको हुतंस. मी आपलं मनाला म्हणत हुतो, जीव राखायचा तर घर जाणारच हुतं. दोन्ही राखता आलं असतं, हे मला ठावं न्हवतं."

त्यांनी माझी कपबशी माझ्याकडं सरकवली.

"चहा घे. गार हुतोय."

मी चहा घेतला. संपेपर्यंत आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले, आणि निघताना मी नमस्काराला वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवायला त्यांना क्षणभर उशीर झाला.