खालून वळखलेला गडी

उभ्या मावळात मानसं वळखावीत तर मीच. त्या दिशी वडगावच्या कोर्टात पट्टेवाल्यालाच न्यायाधीश समजून मी मुजरा घातला.

पिंजऱ्यातल्या गड्याचं नाव सांगत न्हाई, खटलाच नावावर व्हता. फिर्याद धाकट्या भावाची. त्यो म्हनायचा, "माजा थोरला भाऊ लढाईवर मेला. ह्यो कुनीतरी त्याचं नाव लावून जमीन लाटाय आलाय." औंढ्याच्या तालमीत मी थोरल्यासंगं कुस्ती खेळलेला, म्हून साक्षीला बलिवलं. मी वळखलं न्हाई, तर गडी तुरुंगात जानार.

लय बघितलं. दाढी, सुरकुत्या, काय उमजंना.

"सायेब," मी म्हनलो, "तालमीत ह्याला मी कायम खालूनच बघितलाय. जरा पडू का?"

कोर्ट हासलं. मी पिंजऱ्याम्होरं उताना पडलो. हळूहळू वरचं छप्पर धुक्यात गेलं, तांबड्या मातीचा वास आला, आन् त्या धुक्यात तीच हनुवटी दिसली. कठड्यावरनं वाकून त्यानं डावा हात दिला, मला उठीवलं, पाठीवरची धूळ झटाकली. दर कुस्तीनंतर अशीच झटाकायचा.

"ह्योच त्यो, सायेब."

धाकट्यानं मान खाली घातली. गडी माज्याकडं बघून म्हनला, "तवा निदान मी पाडायचो. आता आपला आपनच पडाय लागलास व्हय?"