पन्नीचा आवाज

आमच्या माणसासारखा हळुवार हाताचा माणूस अख्ख्या यवतमाळात नाही, आन् त्याच्याइतका हट्टी बी नाही. भीमराज त्याइचं नाव. फार्मसी कॉलेजात उंदरायच्या खोलीवर कामाले हायेत. मी त्याइची बायको, त्याच कॉलेजात झाडू-पोछा करते. म्हणून जे सांगून राह्यली ते माह्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय.

त्याइचा बाप बोरी अरबच्या बाजारात कोंबड्या विके. जनावर फडफडू न देता कसं धरावं, हे याइले तिथंच जमलं. कॉलेजातले पांढरे उंदीर दुसऱ्यानं धरले तं चावते, याइच्या तळहातावर बसून मिशा साफ करते. पोरं मस्करी करते, "भाऊ, तुमचे सोयरे काय म्हणते आज?"

पण गालात खर्रा पाहिजेच. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा, पन्नी तळहातावर करकर घोटायची आन् गालात दाबायचा. आमच्याकडं पाहुण्याले चहाच्या आधी खर्रा इचारते लोकं, आता कोणाले बोलावं! मागच्या उन्हाळ्यात याइचं तोंड उघडेना. दातायच्या डॉक्टरनं 'आ' कराले लावलं, तं एक बोट धड जाईना. डॉक्टर म्हणे, आत्ता सोडलं तं जेवढं उघडते तेवढं तरी राहीन. नाही सोडलं तं घास जाणं बंद होईन, आन् पुढचं मी सांगत नाही. त्यानं नाही सांगतलं, पण मले समजलं.

दीपाच्या, आमच्या पोरीच्या, डोक्यावर हात ठेवून याइनं सोडतो म्हटलं. सकाळी पाह्यलं तं गाल फुगलेला! माह्या अंगाचा तिळपापड झाला.

"अजी, पोरीची शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"तुळसे, हात आपोआप खिशात जाते व. मले मालूमच पडत नाही."

खोटं बोलून नव्हते राह्यले. खोटं बोलले असते तं मी भांडली तरी असती.

आता कॉलेजातलं ऐका. अपेक्षा मॅडम पीएचडी करून राह्यल्या. भीती मेंदूत कोठं बसते, ते शोधायचं. उंदीर जाळीच्या पेटीत ठेवायचा, 'पिप्प' आवाज करायचा, आन् लगेच पायाखाली बारीक करंट. काही वेळा असं झालं की मंग करंट नसला तरी नुसत्या आवाजानं उंदीर जागच्या जागी थिजते. मिशी बी हालत नाही. मंग मेंदूतली कोणती जागा जागी झाली ते मॅडम पाहाते. मॅडम म्हणे, उंदराच्या डोक्यात मसुराएवढी गाठ असते, ती हे सारं ध्यानात ठेवते.

पण मॅडमचा हिशोब जुळेना. 'पिप्प' व्हायच्या आधीच उंदीर थिजून राह्यले. मॅडम हैराण! वायर बदलली, पेटी बदलली, खोलीत कोणाले अत्तर लावू देईना. एक दिवस मी दारात पोछा मारत होती. याइनं उंदीर पेटीत ठेवला आन् पाठ फिरवली. त्याले करंट लागताना याइले पाहावत नाही. पाठ फिरवली की याइचा हात खिशात. पन्नी निघाली, करकर घोटणं सुरू. पेटीतला उंदीर थिजला. मॅडमनं तं बटन दाबलंच नव्हतं.

मॅडमनं उंदराकडं पाह्यलं, मंग याइच्या हाताकडं.

"भीमराजभाऊ, ते परत करा."

"काय जी?"

"हातात आहे ते. घोटा."

करकर झालं, आन् फळीवरच्या पिंजऱ्यातले सारे उंदीर एकदम थिजले. अव माय! करंट पाहावत नाही म्हणून याइचा खर्रा, आन् त्या खर्ऱ्यानंच उंदरायले करंटाची खबर दिली! मॅडमच्या इतक्या महिन्यायच्या कामाचं पाणी झालं. त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन रडल्या. मले वाटलं, गेली नोकरी.

पण बाई मनाची मोठी. म्हणे, "चूक माझीही आहे, मी तुमच्याकडे कधी पाहिलंच नाही. आता रोज हीच पन्नी वाजवायची, रिकामी. करंट द्यायचा नाही. उंदरांची भीती जाते का बघू. पण भाऊ, खर्रा बंद. नाहीतर मला दुसरा माणूस मागावा लागेल."

नोकरीच्या धाकानं का होईना, सुटला एकदाचा! गाल सपाट झाला. मी मनातल्या मनात नाचली. तिकडं रोज रिकामी पन्नी वाजे. हळूहळू उंदीर हालाले लागले, मिशा साफ कराले लागले. आन् पन्नी वाजवता वाजवता याइच्या तोंडाले पाणी सुटे, कपाळाले घाम. एकदा म्हणाले बी, "मॅडम, दुसऱ्याच्या हातानं वाजवा ना." मॅडम म्हणे, "नाही भाऊ, तुमच्याच हाताचा आवाज पाहिजे." मी म्हटलं, मी जाऊन सांगते मॅडमले. तं माह्यावरच खेकसले, "गप राय! माह्या जागी दुसरा माणूस आणन मॅडम."

मंग मॅडमनं भीती गेलेल्यातला एक उंदीर दुसऱ्या खोलीत, नव्या पेटीत ठेवला. पन्नी वाजली, उंदीर परत थिजला. मी तिथंच झाडत होती. मॅडम मले म्हणे, "भीती पुसली जात नाही ताई, नुसती झाकली जाते. व्यसनाचंही तसंच असतं." माह्या तोंडावर आलतं, मंग बाई, रोज याइच्या हातात पन्नी कायले देता? पण नोकरी मॅडमच्या हातात. गिळलं.

रविवारी संध्याकाळी मी भाकरी टाकत होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. करकर. माहे हात परातीतच थांबले. तव्यावरच्या भाकरीतून धूर निघाला, मले दिसत होता, पण उलथवता येईना.

हे दारात आले. हातात पन्नी, भरलेली. माह्याकडं पाहातच राह्यले. उंदराकडं पाहाते ना, तसं.

"तुळसे," म्हणाले, "तू बी थिजली व."

डोळे भरून आले त्याइचे. सारं समजलं होतं त्या माणसाले, काही म्हणजे काही बाकी नव्हतं. मले वाटलं, आता फेकते. आता तं फेकतेच. पण हात वर गेला. तोंड उघडत नाही, म्हणून बोटाच्या टोकानं थोडा थोडा खर्रा दातायच्या फटीतून आत सारला. माह्याकडं पाहात, रडत रडत सारला.

मले त्याइचा हात धराचा होता. दोन पावलाचं अंतर. माहा हात उठलाच नाही.