पिवळ्या रंगाच्या दोन ओळी

"बघा, एका क्लिकमध्ये वेगळे झाले," सर म्हणाले.

भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या वर्गाची प्रवेशयादी होती. रत्नागिरीतला डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स, एक्सेलचा पहिला आठवडा. फिल्टर शिकवायला सरांना दुसरा कॉलम सापडला नाही. जातीचा सापडला. सगळा वर्ग गायब झाला आणि दोन नावं उरली. एक माझं. दुसरं माझ्या शेजारी बसणाऱ्या मंडणगडच्या मैत्रिणीचं.

"सर, त्यांना रंग पण द्या," मागून कुणीतरी बोललं. वर्ग हसला. सरांनी खरंच दिला. पिवळा.

माझे कान तापले. मान खाली घालून मी कीबोर्डकडे बघत राहिले. मैत्रीण पाणी पिऊन येते म्हणून उठली, ती परत आलीच नाही. सुटल्यावर तिची बॅग घेऊन मी तिच्या आत्याकडे गेले. मैत्रीण म्हणाली, "माझं नाव येवढं मोठं कधी बघितलं नव्हतं गो. आणि बघितलं ते असं." दुसऱ्या दिवशी ती कोर्स सोडून मंडणगडच्या एसटीत बसली. फॉर्म्युले मला तीच समजावून सांगायची.

वर्गात फिल्टर लावला त्या संध्याकाळी पूर्णगडला घरी पोचले तर आई वाट बघत होती. "काय शिकलीस गो आज?"

"फिल्टर."

"पाण्याचा?"

मी हो म्हटलं. पाण्यापायी आईनं लहानपणी काय काय ऐकून घेतलं होतं ते मला माहीत होतं. तिला आणखी काय सांगणार?

सोमवारी सरांनी तीच शीट उघडली. पिवळा तसाच.

"ये गं, नावं सॉर्ट करून दाखव."

मी गेले. आधी रंग काढला. मग फिल्टर काढला. सगळ्यांची नावं परत आली. मग माऊस खाली ठेवला.

"सर, हा कॉलम तुम्ही वर्गापुढे उघडायचा नव्हता. मी सॉर्ट करणार नाही."

"अगं, उदाहरण होतं ते. मनाला काय लावून घेतेस?"

"मग तुमच्या जातीचं घ्यायचं होतं उदाहरण."

या वेळी कुणी हसलं नाही. जागेवर येऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

कोर्स मी सोडला नाही. पुढे पायथॉन शिकले, आता त्याच कामावर पोट भरते. माणसं वेगळी काढायला तिथेही कोडची एक ओळ पुरते. ती लिहिताना हात अजून अडखळतो. मैत्रीण माझा फोन उचलत नाही. त्याचं वाईट वाटणं काही संपत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी माझा एक तक्ता भरते. असे कोर्स अर्ध्यावर सोडून गेलेली आमची मुलंमुली, आणि का सोडलं ते. नाव ज्याला त्याला विचारूनच लिहिते. पहिली ओळ मैत्रिणीची. तिथे नावाची जागा रिकामी आहे. तिनं हो म्हटलेलं नाही, म्हणून या गोष्टीतही लिहिलं नाही. कारण मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलं, ते लिहिलंय: वर्ग हसला.

हा तक्ता मी त्याच वर्गात, त्याच पडद्यावर लावणार आहे. आणि तिची ओळ कुणालाही लपवू देणार नाही.