जर्मनीतल्या गावसभेत माझा हात

मंडळी, आज दुपारी जेवण झाल्यावर मी चक्क युरोपच्या राजकारणात पडलो!

माझी नात मुक्ता जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहते. त्या गावाचं फ्रान्समधल्या एका गावाशी जुनं मैत्र आहे. एकमेकांकडे मुक्कामाला जायचं, युरोपच्या संसदेच्या निवडणुकीवर एकत्र बसून वाद घालायचे. हे मैत्र चालू ठेवायचं की नाही, यावर आज गावसभेत मतदान होतं. मुक्तानं मला व्हिडिओ कॉलवर बसवलं होतं आणि ती सगळं मराठीत सांगत होती.

एक म्हातारबुवा कुरकुरले, "त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं. कशाला हवं हे?"

मला राहवलं नाही. शाळेत कविता शिकवताना चढायचा, तसा आवाज थेट चढला. "मुक्ता, सांग त्यांना! आमच्या टाउनशिपमध्ये गणपतीचा अध्यक्ष दरवर्षी बंगाली आणि दुर्गापूजेचा सेक्रेटरी मराठी असायचा. भांडलो खूप, पण दोन्ही सण सगळ्यांचे झाले."

शेजारी बसलेले, टाउनशिपमधले माझे जुने मित्र घोषबाबू फोनमध्ये डोकावले, "और सबसे ज़्यादा मोदक अध्यक्ष खाता था, ये भी बोलो!"

मुक्तानं तेही सांगितलं. सभा खदखदून हसली, म्हातारबुवासुद्धा.

मग हात वर झाले. म्हातारबुवांचा सगळ्यात शेवटी, पण झाला. मैत्र टिकलं!

"आबा, हात खाली घ्या," मुक्ता हसत म्हणाली, "तुमचं मत इथे धरत नाहीत!"

मी नाही घेतला. तुम्ही घेतला असता का हो?