अध्यक्षांची गाडी तापते

शहागडजवळच्या एका गावात बद्रीनाथ खरात दूध संस्थेचे अध्यक्ष झाले, त्या साली, म्हणजे शहाऐंशीत, त्यांनी दोन कामं तातडीनं केली. जालन्याहून एक जुनी पांढरी अँबॅसिडर आणली आणि तिच्या तोंडावर लावायला पत्र्याची पाटी रंगवून घेतली. पेंटरनं आधी हातभर पाटी आणली होती. तीत 'अध्यक्ष' एवढंच मावत होतं. बद्रीनाथांना संस्थेचं अख्खं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळंच हवं होतं. शेवटी पाटी एवढी झाली, की गाडीची पुढची जाळी तिच्यामागं पार झाकून गेली.

अंबडच्या वाटेवर निम्म्यात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा आणि बॉनेटमधून वाफा निघायच्या. मागच्या सीटवर त्यांची बायको द्वारकाबाई पायांमध्ये पाण्यानं भरलेली दुधाची कॅन धरून बसलेल्या असत. "एसटीनं गेलो असतो तर बाजार करून घरी आलो असतो," असं त्या दर वेळी म्हणायच्या.

अध्यक्षांना मात्र या थांबण्याचं फारसं वाईट वाटत नसे. गाडी उभी राहिली की माणसं जमत, पाटी मोठ्यानं वाचत, रामराम घालत.

"काय अध्यक्ष, दौरा का?"

"हां, जरा इंजनला दम देऊन राह्यलो."

पण एकदा अंबडला त्यांचाच सत्कार होता. गाडी वाटेत उकळली, बद्रीनाथ उशिरा पोचले, आणि तोवर आयोजकांनी त्यांचा हार उपाध्यक्ष साहेबरावांच्या गळ्यात घालून टाकला होता. त्या दिवशी इंजिनापेक्षा बद्रीनाथ जास्त तापले आणि तडक शहागडला भुजंग मिस्त्रीकडं गेले.

भुजंगचा हात ट्रकवर बसलेला. गाडी कुणाचीही असो, आधीच्या मिस्त्रीला शिव्या घातल्याशिवाय तो पाना उचलत नसे. त्यानं फॅनचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट काढून फेकला, रेडिएटर उघडून गाळ काढला, वॉटर पंप नवा बसवला. दर वेळी छातीवर हात ठेवून सांगे, "आता बर्फ हाय, बर्फ!" आणि दर वेळी बर्फ त्याच वळणावर उकळायचा.

चार महिन्यांनी त्यानं रेडिएटर पुन्हा उतरवून बसवला. त्यासाठी काढलेली पाटी भिंतीला टेकून राहिली आणि तो गाडी तशीच घेऊन गोदावरीच्या पुलापलीकडं लांब चक्कर मारून आला. काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. पाटी लावून पुन्हा तेवढंच गेला, तर वाफा. काढून गेला, तर थंडगार. मग तो कपाळाला हात लावून बसला.

"अध्यक्ष, पाटी काढा. रेडिएटरला वाराच लागून न्हाई राह्यला."

"चार महिने पार्ट बदलले, अन् आता पाटीवर ढकलतो व्हय?"

"चुकलंच माझं. पाटीमागं बघायचं सुचलंच न्हाई."

"मंग टपावर लावा की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"टपावर? वाचणार कोण, कावळे?"

पाटी जागेवरच राहिली. पुढची अडीच-तीन वर्षं गाडी उकळत राहिली आणि अध्यक्ष रामराम घेत राहिले.

संस्थेच्या नव्वदच्या निवडणुकीत साहेबराव अध्यक्ष म्हणून निवडून आले. दुसऱ्या दिवशी कुणी सांगायच्या आत बद्रीनाथांनी स्वतःच स्क्रू काढले, पाटी गोठ्यात नेऊन ठेवली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. गाडीवर कोंबड्या बसू लागल्या.

मग एका दुपारी त्यांच्या पुतणीला, शिवकन्याला, कळा सुरू झाल्या. एसटी निघून गेलेली. द्वारकाबाईंनी कोंबड्या हाकलल्या, शिवकन्याला मागं निजवलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. बद्रीनाथ रस्त्यापेक्षा काट्याकडंच जास्त बघत होते. काटा हलेना. नेहमीचं वळण आलं आणि मागं पडलं.

"रस्त्याकडं बघा!" द्वारकाबाई ओरडल्या.

अंबडच्या दवाखान्यापर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. शिवकन्याला मुलगी झाली. बाहेर व्हरांड्यात बद्रीनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बिलकुल न थांबता आलो. भुजंगला चार महिन्यांत जमलं न्हाई. शेवटी म्याच शोधलं, पाटीमुळं तापत होती म्हणून." द्वारकाबाईंनी एकदा त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चहा आणा."

तेव्हापासून पंचक्रोशीत कुणाचीही गाडी तापली की बद्रीनाथ हजर. पट्टा तुटलेला असो की पाणी गळत असो, त्यांचा इलाज एकच: "म्होरं काय लावलंय ते आधी काढा." लोक हसायचे. फक्त एकदा, साहेबरावांची नवी जीप रस्त्यात वाफा सोडत उभी होती, तेव्हा बद्रीनाथ तिच्या भल्यामोठ्या पाटीकडं बराच वेळ बघत राहिले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पंप बदलून बघा."

अँबॅसिडर पुढं आठ-नऊ वर्षं चालली. गावातल्या आजाऱ्यांना तिनं अंबडला नेलं, नवऱ्यामुलांना मांडवात पोचवलं. पाटीचं द्वारकाबाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं.