उतारावरची जीप

नाना गणपतीनंतर वारले. सकाळी दुकान उघडायला निघाले, पायरीवर बसले आणि उठले नाहीत. त्या दिवसापासून दुकान बंद राहिलं. तेरावं झाल्यावर मी उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते गाडी न घेता. खाकी शर्ट, हातात किल्ली. दारातूनच म्हणाला, "नाना कोठे शेतस?"

मी भिंतीकडे पाहिलं. फोटोचा हार अजून ताजा होता. त्याने टोपी काढली.

"माले माहीत नही व्हतं, भाऊ."

तो हिंमत. गाव धुळ्याकडचं, नोकरी यावलजवळच्या आरोग्य केंद्रात, जीपचा ड्रायव्हर. मी विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"मेहरूणच्या तलावावर. उतार पाहीसन लावी. साहेब गाडीमा बठेल शेतस."

आमचं दुकान जळगावात, ऑटो इलेक्ट्रिकचं. इंजिन बिघडलं तर लोक मेकॅनिककडे जातात. दिवे, हॉर्न, बॅटरी, सेल्फ बिघडले तर आमच्याकडे येतात. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. नाना माझे थोरले भाऊ. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलो. आमची वाटणी सरळ होती. नाना बोलायचे, मी मीटर धरायचो. गिऱ्हाईक त्यांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसून भाचीच्या लग्नापासून सांगायला लागायचं, तोवर मी पुस्तकातलं वायरिंगचं चित्र पाहून गाडीखाली शिरलेला असायचो.

तलावावर जीप नाक खाली करून उभी होती. चारही चाकांना जोर लावणारी, डोंगरातल्या नाल्यांतून जाणारी डिझेल गाडी. आत डॉक्टरसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. माझ्याच वयाचे असतील.

"मिस्त्री, महिना झाला, आम्ही उतारांवरच जगतोय," ते म्हणाले. "बाळंतीण घ्यायला गेलो तरी आधी उतार शोधायचा, मग घर. परवा नाल्याच्या पलीकडे बंद पडली. पेशंट आत, आणि तिचा नवरा गाडी ढकलतोय."

"काय काय बदललं?"

"बॅटरी नवी. सेल्फचं वाइंडिंग नवं भरून आणलं. डायनॅमो तपासला. आता एकच पार्ट बदलायचा राहिलाय." त्यांनी हिंमतकडे बोट केलं. "रोजंदारीवर आहे. आज गाडी नीट झाली नाही, तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर. मला पर्याय नाही."

हिंमत ब्रेक सोडण्यात गुंतला होता. जीप उतरली, गिअर पडला, इंजिन लागलं. दुकानासमोर आल्यावर तो इंजिन बंद करेना.

"आठे उतार नही ना, भाऊ."

"बंद कर. त्याशिवाय मला काही कळणार नाही."

त्याने डॅशबोर्डची नॉब ओढली. असलं जुनं डिझेल इंजिन किल्लीने थांबत नाही. नॉब ओढली की तिच्या मागची तार पंपाला डिझेल तोडायला लावते. इंजिन थांबलं. मग किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बाकी शांतता.

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाले. "आणि वर हा सांगतो की नॉब चावते."

"चावत नही, साहेब. चटका देस."

"घ्या. बैल मारका निघाला."

मी हसलो नाही, पण लक्षही दिलं नाही. पुस्तक उघडलं. बॅटरी भरलेली होती. सेल्फपर्यंत येणारी जाड वायर ठीक. राहिली अर्थ, म्हणजे अर्थिंग. वीज बॅटरीतून निघते, तशी तिला परतायलाही वाट लागते. गाडीत ती वाट म्हणजे गाडीचं लोखंड. इंजिन मात्र रबरावर बसलेलं असतं, म्हणून ते तांब्याच्या विणलेल्या पट्टीने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडतात. मी टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं इंजिनाला लावलं. दिवा लख्ख लागला. म्हणजे अर्थ ठीक.

पुस्तकात याच्यापुढे पान नव्हतं.

डॉक्टर समोरच्या टपरीवर चहाला गेले. हिंमत सवयीने स्टुलावर बसला. समोर नानांची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. उभं राहूनही काही सुचत नव्हतं, म्हणून बसलो. आणि नाना प्रत्येकाला विचारायचे तेच विचारलं.

"गाडी शेवटची धड कधी होती?"

"पोळाले."

"आणि पोळ्याला काय केलं?"

त्याने टपरीकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"मनं घर बैल नही आते, भाऊ. विकी टाकात. मंग म्हटलं, हाईच मनी जोडी. धुतली. खालतून बठ्ठी घासली. नट खोलीसन, पट्ट्या काढीसन, चेसिसले रंग मारा. पुरणपोळी दाखाडी."

"कुठला रंग?"

"शिंगंसना. निळा. शेजारीकडे उरेल व्हता."

"पट्ट्या कधी लावल्या?"

"रंग वाळना, मंग."

मी उठलो. "सेल्फ मार. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

त्याने किल्ली फिरवली आणि मी नॉबच्या तारेवर बोट ठेवलं. हात आपोआप मागे आला. चटका खरा होता.

पट्टीखाली रंग बसला होता. वीज पट्टीतून जाऊ शकत नव्हती, म्हणून इंजिन आणि डॅशबोर्ड यांना जोडणाऱ्या त्या बारीक तारेतून परतत होती आणि तार तापत होती. माझ्या टेस्ट लॅम्पला तेवढी वाट पुरली. पायवाटेने माणूस जातो. केळीचा ट्रक जात नाही. सेल्फ हा ट्रक.

पट्टीचा बोल्ट खोलला. खाली निळाशार रंग, अगदी मन लावून दिलेला. पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. हिंमतने किल्ली फिरवली. जीप सपाटीवर, पहिल्या धक्क्याला सुरू झाली. त्याने ती बंद केली आणि पुन्हा सुरू केली. मग पुन्हा. मी त्याला थांबवलं नाही.

डॉक्टर अर्धा चहा टाकून आले. "काय निघालं?"

"अर्थ नीट बसत नव्हती. पट्टीखाली रंग गेला होता."

"कसला रंग?"

मी पॉलिश पेपर पुढे केला. त्यावरची निळी भुकटी त्यांनी पाहिली, मग हिंमतकडे पाहिलं. हिंमत पायाकडे बघत होता.

"पोळ्याचा?"

"हा, साहेब."

डॉक्टरांनी भुकटी बोटावर घेऊन चोळली.

"मिस्त्री, त्या पोळ्याला नारळ मी फोडला होता," ते म्हणाले. "गाडी किती चमकतेय, असंही म्हणालो होतो. पुरणपोळीही खाल्ली." मग हिंमतला म्हणाले, "पुढच्या वर्षी शिंगंच रंगव. पोटाखाली जाऊ नकोस."

पुढच्या वर्षी, म्हणाले. ते हिंमतलाही ऐकू आलं. त्याने टोपी घातली आणि साहेबांसाठी दार उघडून धरलं.

चेसिसला रंग देणार असाल तर अर्थच्या पट्टीखालची जागा कोरी ठेवा. दिलाच असेल, तर खरवडा. आणि दिवा लागला म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका.

हिंमत दर पोळ्यानंतर येतो. गाडीला काही झालेलं नसतं. तो स्टुलावर बसतो, मी नानांच्या खुर्चीवर.